रोमन गेले, गाव कुठे गेलं? इंग्लंडच्या एका शिवारात पाचव्या शतकाचा माग कसा काढायचा

आपल्या मुलकी दफ्तरात एक शब्द आहे, बेचिराख. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. गावाची शीव नकाशावर असते, जमिनीचे उतारे निघतात, शेतं शेजारच्या गावची माणसं कसतात. फक्त तिथे कुणी राहत नाही. वस्ती उठली म्हणजे जमीन ओस पडली असं होत नाही, हे त्या दफ्तरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. रोमन सत्ता गेल्यानंतरच्या ब्रिटनकडे बघताना मात्र पुष्कळ दिवस हा फरक कुणी केला नाही. इ.स. ४१०च्या सुमारास रोमचा हात सुटला, हवेल्या आणि नगरं ओस पडली, नाणी आणि भांडी थांबली, म्हणून देशच बेचिराख झाला असं शाळेच्या पुस्तकांनी सांगून टाकलं.

मी बरीच वर्षं सफकमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पूर्व अंगाला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळींबरोबर शेतं तुडवतो. तुम्ही पुरातत्त्वाचे विद्यार्थी असाल, किंवा नोकरीनिमित्त इकडे आला असाल आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेताखाली काय आहे याची उत्सुकता असेल, तर या कामाची वाट अशी आहे. पहिल्या निम्म्या पायऱ्या पुण्यात बसूनही चढता येतात.

शिवार आणि काळ निवडणं

एक पॅरिश घ्या, फार तर लगतच्या तीन. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीचं गाव, साधारण आपलं शिवार. निवडताना तीन गोष्टी हव्यात: एक रोमन रस्ता, एक ओढा किंवा नदी, आणि दोन जातींची जमीन, म्हणजे नदीकाठची हलकी रेताड आणि वरच्या पठारावरची भारी चिकण. जमीन एकाच जातीची असेल तर वस्ती इकडून तिकडे सरकली की नाही हे कळायला काही मापच उरत नाही.

काळ ४१० ते ६०० असा धरू नका. ३५० ते ८५० धरा. कारण असं की चौथ्या शतकाच्या टोकाला नाणी आणि चाकावरची भाजकी भांडी खोऱ्याने मिळतात. आठव्या शतकाच्या टोकाला या भागात ‘इप्सविच वेअर’ नावाचं राखाडी, टणक, भट्टीत भाजलेलं मडकं मिळतं. मधला तीनशे वर्षांचा पट्टा जवळपास कोरा दिसतो. दोन्ही काठ पक्के दिसल्याशिवाय मधला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही.

बसून करायचं काम

प्रत्येक काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, एक ऐतिहासिक नोंदवही असते. सफकची संकेतस्थळावर खुली आहे. तिथून आतापर्यंतच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या. मग १८३६च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइथ नकाशे (टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा दशमांश) आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याच्या पहिल्या आवृत्तीचे नकाशे बघा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवता येतं. त्यातच एक रविवार जातो, आणि जाऊ द्यावा. १०८६च्या डूम्सडे या राजाच्या जमीन-पाहणीच्या नोंदीत तुमचं गाव किती नांगरांचं होतं तेही पाहून ठेवा.

नंतर येते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. १९९७ साली सुरू झालेल्या या योजनेत धातुशोधक घेऊन फिरणारे हौशी लोक सापडलेल्या वस्तू नोंदवतात, आणि आज त्या नोंदी पंधरा लाखांच्या वर आहेत. सार्वजनिक नोंदीत ठिकाण मुद्दाम ढोबळ ठेवतात, नेमकं हवं असेल तर संशोधक म्हणून रीतसर अर्ज करावा लागतो. या नोंदींचा नकाशा काढलात की सहाव्या शतकातले ब्रोच आणि बकलं ठिपक्यांनी दिसू लागतात आणि मन हरखतं. इथेच थांबा. तो नकाशा वस्तीचा नसतो, परवानगी मिळालेल्या शेतांचा असतो. गावठाणाखाली, रानात आणि संरक्षित स्थळांवर धातुशोधक चालत नाही, तेव्हा तिथे ठिपका येणार कुठून?

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची: या नकाशाला काय दिसत नाही. माझ्या मते या कामातली निम्मी अक्कल त्या एका ओळीत असते.

लायडार: तिरप्या उन्हात बघणं

शेणाने सारवलेलं अंगण भर दुपारी सपाट दिसतं. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की सारवणाऱ्या बाईच्या बोटांच्या ओळी न् ओळी उठून दिसतात. लायडारचं गणित तेवढंच आहे. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजतात, आणि मग संगणकात आपण हवं तिथून ऊन पाडतो.

इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीची ही आकडेवारी एक मीटरच्या बारकाव्याने फुकट उतरवता येते. दोन प्रकार मिळतात. एकात झाडं-घरं असतात, दुसऱ्यात ती काढून नुसती जमीन ठेवलेली असते. आपल्याला दुसरा हवा. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रणालीत तो उघडा आणि हिलशेड, म्हणजे उन्हासावलीचं चित्र काढा. प्रणाली आपण होऊन ऊन वायव्येकडून, ४५ अंशांच्या उंचीवरून पाडते. सफकसारख्या सपाट मुलखाला ते फार चढं आहे, १५ ते २० अंशांवर आणा. आणि एकाच दिशेवर विसंबू नका: उन्हाच्या दिशेने जाणारा बांध सावलीच टाकत नाही, म्हणून तो चित्रातून गायब होतो. काटकोनातल्या दोन दिशांनी तरी चित्र काढायचं.

दिसणाऱ्या ओळींपैकी बहुतेक तुमच्या कामाच्या नसतात. लांबच लांब वरंबे आणि सऱ्या दिसल्या तर ती सहसा मध्ययुगीन किंवा त्यानंतरची नांगरट. सरळ रेघ पाइपलाइनची असू शकते. या काउंटीत दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्यांची तर रेलचेल आहे. मी एकदा तासभर एका ‘रोमन आवारा’च्या प्रेमात होतो, ते विमानतळाचं वळण निघालं.

लायडार रोमन रस्त्याचा उंचवटा दाखवील, जुन्या रानातले बांध दाखवील. पाचव्या शतकातलं लाकडी घर ते दाखवणार नाही. ते घर खांबांवर उभं होतं. खांब कुजले, वरून हजार वर्षं नांगर फिरला, तिथे आता उंचवटा कसला राहणार!

पिकांच्या खुणा

जुन्या चरात ओल टिकते म्हणून त्यावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं. पुरलेल्या भिंतीवरचं आधी पिवळं पडतं. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात अशा खुणा देशभर उठल्या होत्या. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं मागे सरकवत जा आणि जून-जुलैवर नजर ठेवा. टेम्सच्या मुखाजवळचं मकिंग हे रोमनांनंतरच्या वस्तीचं स्थळ हवाई छायाचित्रातूनच लक्षात आलं. १९६५ ते १९७८ अशी तेरा वर्षं मार्गारेट आणि टॉम जोन्स या दांपत्याने ते खणलं, आणि दोनशेवर खोलगट घरांचे, म्हणजे जमिनीत खड्डा खणून त्यावर उभारलेल्या घरांचे खड्डे मिळाले.

अशा खड्ड्यांचे हवाई चित्रात नुसते ठिपके दिसतात, साधारण चार मीटर बाय तीन मीटरचे. ठिपक्यांचा पुंजका दिसला की खूण करा. पण खुणा रेताड आणि खडीच्या जमिनीवर चांगल्या उठतात, चिकणमातीवर जवळपास नाहीतच. हे पुढे लागणार आहे.

बांध आणि रस्ता: कोण आधी?

या पायरीवर घाई करू नका, कारण नुसता नकाशा बघून इतका इतिहास दुसरीकडे कुठे मिळत नाही. नियम साधा आहे. रस्ता आधी आणि शेतं नंतर असतील, तर शेतांचे बांध रस्त्याला धरून, काटकोनात निघतात. शेतं आधीची आणि रस्ता नंतरचा असेल, तर रस्ता शेतांना तिरपा कापत जातो आणि दोन्ही बाजूंना विचित्र तिकोने उरतात. आपल्याकडे नवा महामार्ग पिढीजात वावरातून गेला की जे होतं तेच.

नॉरफकमध्ये स्कोल आणि डिकलबरा या गावांपाशी रोमन रस्ता असाच बांधांच्या जाळ्यातून तिरपा जातो. टॉम विल्यमसन यांनी १९८७ साली मांडलं की आज दिसणारी ती शेतांची आखणी रस्त्याच्या आधीची, म्हणजे रोमनपूर्व आहे. हे खरं मानलं तर अर्थ मोठा होतो: रोमन आले, गेले, भाषा बदलली, राजे बदलले, आणि बांध जागेवर राहिले, कारण कुणीतरी दर वर्षी ते राखत होतं. पडीक जमिनीचा बांध दोन पिढ्यांत रानात बुडतो. यावर नंतर आक्षेपही आले. काही बांध मागाहून जोडले गेले असतील, आपण आजचं जाळं दोन हजार वर्षं मागे ढकलतोय, वगैरे. आक्षेप वाजवी आहेत. म्हणून तुमच्या शिवारात असं काही दिसलं तर प्रत्येक बांध एकाच रंगात काढू नका. टाइथ नकाशावर असलेले, नंतर पडलेले, आणि रस्त्यापाशी अडणारे बांध वेगवेगळ्या रंगांत काढा, आणि मगच तिकोने मोजा.

चिखलात जमलेले परागकण हा याचा ताळा. दलदलीच्या तळाशी वर्षानुवर्षं परागकण साठतात. रान वाढलं की झाडांचे वाढतात, शेती चालू असली की धान्याचे आणि गवताचे राहतात. उत्तरेकडे हेड्रियनच्या भिंतीच्या, म्हणजे रोमन सरहद्दीच्या आसपास काही ठिकाणी रान परत चढलेलं दिसतं. दक्षिणेच्या सखल मुलखात पुष्कळ ठिकाणी तसं दिसत नाही. हे काम हौशी माणसाचं नाही, पण आपल्या जवळच्या दलदलीचा अहवाल निघालेला असला तर तो जरूर वाचा.

नावं

गावांच्या नावांवर मी फार वेळ घालवत नाही. बुद्रुक-खुर्द बघून कुठलं गाव थोरलं आणि कुठलं धाकटं ते कळतं, पण ते कधी फुटलं ते कळत नाही, इथेही तसंच. तरी काही नावं धरून ठेवण्यासारखी आहेत. स्ट्रॅटन किंवा स्ट्रॅटफर्ड असेल तर जवळून रोमन रस्ता जात असणार. एकल्स लॅटिनमधल्या चर्चच्या शब्दावरून येतं. विकम हे नाव रोमन ‘विकुस’ वस्त्यांच्या आणि रस्त्यांच्या जवळ पडतं, हे मार्गारेट गेलिंग यांनी १९६७ साली दाखवलं. नद्यांची नावं बहुधा मूळ ब्रिटनवासीयांच्या केल्टिक भाषेतली, इंग्रजी येण्याच्या आधीची. कुणीतरी ती नव्या लोकांना सांगायला जागेवर होतं, एवढं त्यावरून म्हणता येतं.

शेत चालणं

आधी शेतकऱ्याची परवानगी, तीही लेखी. सापडलेली वस्तू सहसा जमीनमालकाची असते. संरक्षित स्थळावर १९७९च्या कायद्याने परवान्याशिवाय धातुशोधक चालवता येत नाही, आणि ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या व्याख्येतला ठेवा, ठरू शकेल असं काही मिळालं तर १४ दिवसांत कळवावं लागतं. हे सगळं आधी वाचून ठेवा, शेतात उभं राहून नाही.

नांगरट झाल्यावर लगेच जाऊ नका. दोन-तीन पाऊस पडून ढेकळं धुतली गेली की खापर वर उघडं पडतं. दोरी आणि काठ्यांनी वीस-वीस मीटरवर समांतर ओळी आखा आणि प्रत्येक ओळीचे वीस मीटरचे तुकडे करा. एका तुकड्याला एक पिशवी, पिशवीवर क्रमांक. माणूस चालताना डावी-उजवीकडे मीटरभर बघतो, म्हणजे शेताचा दहावा हिस्सा तुमच्या नजरेखालून जातो. नऊ हिस्से न बघता राहतात, हे त्या कोपऱ्यातल्या ओळीत लिहा.

आता खापरांबद्दल. रोमन खापर ओळखायला तासभर पुरतो: चाकावरचं, पातळ, राखाडी किंवा नारिंगी, तोडलेली कड स्वच्छ. इप्सविच वेअर टणक, खरखरीत, दगडासारखं वाजणारं. मधल्या काळातलं सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतर समुद्रापलीकडून आलेल्या लोकांच्या नावाने ओळखलं जाणारं खापर मात्र हाताने थापलेलं, कमी आचेवर भाजलेलं, तपकिरी-काळं. कधी मातीत गवत-भुसा मिसळलेला, त्यामुळे अंगावर बारीक लांबट छिद्रं. ओल्या शेतात ते ढेकळासारखंच दिसतं. पहिल्या हिवाळ्यात मी अशी तीन-चार ‘ढेकळं’ बोटांत चुरडून फेकली. गटातल्या एक वयस्क बाई मागून येत होत्या. त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठ्याने कड पुसली, आतला काळा गाभा आणि गवताची छिद्रं दाखवली, आणि काही न बोलता तो माझ्या पिशवीत टाकला. त्या दिवसापासून मी संशयित ढेकूळ जिभेच्या टोकाला न लावता, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब टाकून बघतो. माती विरघळते, खापर राहतं.

गंमत पुढे आहे. असं खापर नांगराखाली आणि गोठणाऱ्या-वितळणाऱ्या थंडीत काही हिवाळ्यांत भुगा होतं. रोमन खापर तसंच राहतं. म्हणजे एकाच शेतात दोनशे रोमन खापरं आणि तीन सॅक्सन मिळाली तर वस्ती एकास सत्तर झाली असा हिशोब करायचा नाही. तीन मिळाली हीच बातमी आहे.

थर वाचणं

आपले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी लंडनला शिकत असताना इंग्रज उत्खननकार मॉर्टिमर व्हीलरांच्या हाताखाली मेडन कासल या जुन्या डोंगरी किल्ल्यावर उत्खननाचे धडे घेतले आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. त्या शाळेतला पहिला धडा थरांचा: वस्तूपेक्षा ती कुठल्या थरात होती ते महत्त्वाचं. हौशी गटांना साधारणपणे एक मीटर बाय एक मीटरचे चाचणी खड्डे घेता येतात, दहा-दहा सेंटिमीटर उतरत, सगळी माती चाळून. हे खड्डे आजच्या गावातल्या परसात घ्यायचे, कारण शेतं चालता येतात, गावठाण नाही. पूर्वेकडच्या बऱ्याच गावांत इप्सविच वेअर चर्चच्याच आसपास निघतं.

रोमन नगरांत या काळातला एक जाड काळा थर मिळतो, लंडनमध्ये काही ठिकाणी मीटरभर. आपल्याकडे जुन्या वस्तीची माती ती पांढरी आणि शेताची ती काळी. इथे उलट, वस्तीवरच काळी! म्हणून आधी लोकांना वाटलं, नगर मोडलं आणि त्याचं वावर झालं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर त्यात कुजलेलं लाकूड, गवताची छपरं, मातीच्या भिंती, चुलीची राख आणि शेणखत मिसळलेलं निघालं. गांडुळांनी आणि मुळांनी ते घुसळून एक केलं होतं. काही ठिकाणी खरंच शेती, काही ठिकाणी विटा-दगड सोडून लाकूड-मातीवर आलेली घरं. थर एक, कारणं अनेक.

खोलगट घराचा खड्डा मिळाला तर आणखी एक सावधगिरी. लार्क नदीकाठी वेस्ट स्टो इथे १९६५ ते १९७२ या काळात अशी सत्तरच्या आसपास घरं खणली गेली, आणि नंतर काही पुन्हा बांधून पाहिली. त्यातून असं सुचलं की माणसं खड्ड्यात नाही, खड्ड्यावर टाकलेल्या फळ्यांवर वावरत असावीत. शिवाय खड्ड्यातला केर घर मोडल्यावर पडलेला असतो, बहुधा शेजाऱ्यांचा. म्हणून तो केर त्या घराच्या नावावर टाकू नका.

श्रूजबरीजवळच्या रॉक्सटर या रोमन नगरात फिलिप बार्कर यांनी १९६६पासून ब्रशने झाडत झाडत खणलं आणि स्नानगृहाच्या सभागृहाच्या ढिगाऱ्यावर मोठ्या लाकडी इमारतींच्या बैठका दाखवल्या. नगर पाचव्या-सहाव्या शतकातही जागं होतं, असं चित्र उभं राहिलं. २०१४ साली ॲलन लेन यांनी तोच पुरावा पुन्हा तपासून विचारलं, त्या बैठका खरंच इमारतींच्या आहेत का? मला लेन यांची शंका पटते, पण बार्करांनी ज्या संथपणे खणलं त्यामुळेच ती शंका घ्यायला जागा राहिली, हेही मानायला हवं.

तारीख

ब्रिटनमध्ये नव्या तांब्याच्या नाण्यांचा पुरवठा ४०२च्या सुमारास आटला. पण खिशात २००५चं नाणं मिळालं म्हणून माणूस २००५ साली मेला असं होत नाही. नाणं एवढंच सांगतं की थर त्यानंतरचा. १९९२ साली सफकमधल्या हॉक्सन गावी हरवलेला हातोडा शोधताना १४,८६५ नाण्यांचा ठेवा निघाला. त्यातल्या चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. नवी नाणी येत नाहीत म्हणून जुन्यांची चांदी काढत लोक तीच चालवत होते. हे किती वर्षं चाललं ते नाण्यावर छापलेलं नसतं.

मग उरतो कार्बन, म्हणजे जुन्या लाकूड-दाणे-हाडांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं. नमुना अल्पायुषी घ्या: जळका दाणा, हेझलनटचं कवच. ओकचा कोळसा नको. झाडाचा गाभा शंभर-दोनशे वर्षांनी जुना असू शकतो. आणि नमुना अशा जागचा हवा की ज्यावर काहीतरी नंतर बांधलं गेलंय. ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थच्या रोमन हवेलीत हेच केलं. एका खोलीची भिंत उभारताना खणलेल्या चरातल्या कोळशाची आणि हाडाची तारीख काढली, ती ४२४ ते ५४४ आली. त्या खोलीतली नक्षीदार फरशी भिंतीनंतरची, म्हणजे कारागीर पाचव्या शतकात फरशी घालत होते. २०२० साली हे जाहीर झालं. त्याआधी ती फरशी केवळ नक्षीवरून चौथ्या शतकातली ठरवली असती.

जुळवाजुळव

आता सगळे नकाशे एकावर एक ठेवा. या भागात एक जुना सिद्धांत भेटेल: सातव्या-आठव्या शतकात वस्त्या हलक्या जमिनीवरून उठून भारी जमिनीवर आल्या. चित्र खरंच तसं दिसतं. पण हलक्या जमिनीवरच पिकांच्या खुणा उठतात, आणि भारी जमिनीवरचं कच्चं खापर चुरडून जातं, तर सुरुवातीच्या वस्त्या फक्त रेतीवर दिसणारच. तुमच्या शिवारात हे तपासायचं असेल तर चिकणमातीच्या शेतांना दुप्पट वेळ द्या आणि ओळी दहा मीटरवर आखा.

दुसरी शक्यता मकिंगची. तिथे हेलेना हॅमरो यांनी १९९३ साली दाखवलं की वस्ती पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर हळूहळू सरकत गेली. दोनशे घरं म्हणजे दोनशे घरांचं गाव नव्हे. एका वेळी मूठभर घरं, जुनं कुजलं की शेजारी नवं.

डीएनएचे निष्कर्षही घ्या, पण त्यांच्या जागी ठेवा. २०२२च्या मोठ्या अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या दफनांत सरासरी पाऊण हिस्सा वंश उत्तर समुद्रापलीकडचा निघाला. माणसं आली, हे नक्की. ती ओसाड जमिनीवर आली की चालत्या शेतीत शिरली, हे हाडं नाही सांगत, बांध सांगतात.

सफकमधल्याच रेंडलशमला या सगळ्या पद्धती एकत्र आल्या. बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने आठव्या शतकात उल्लेखलेलं राजघराण्याचं ठिकाण २००८पासून पद्धतशीर धातुशोध, हवाई चित्रं आणि भूभौतिक मोजणी करून सुमारे पन्नास हेक्टरांवर पसरलेलं सापडलं, आणि २०२२ साली २३ मीटर लांब, १० मीटर रुंद सभागृहाचा पाया उघडा पडला. त्याच जागी रोमन काळातही वस्ती होती.

तुमचं काम संपलं की अहवाल काउंटीच्या नोंदवहीत द्या. ज्या शेतांत काही मिळालं नाही त्यांचीही नोंद करा. बहुतेक गट ती करत नाहीत आणि पुढच्या माणसाला रिकामं शेत आणि न चाललेलं शेत यांत फरक कळत नाही. नोंदीत तारीख, पीक, ढेकळं ओली होती की कोरडी, ऊन होतं की ढग, आणि कोणती ओळ नवख्या माणसाने चालली होती, एवढं असू द्या. माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या चारही ओळींपुढे तसं लिहिलेलं आहे.